सोन्याच्या कांड्या आणि खारं पाणी

सोन्याच्या अतिसूक्ष्म कांड्या द्रावणात वाढवायच्या आणि प्रत्येक कांडीच्या दोन्ही टोकांना कॅडमियम सल्फाइडची बोंडं बसवायची, हा अमरावतीत माझ्या पीएचडीचा विषय. डोळ्यांना दिसायचा तो फक्त रंग. तपकिरी आला तर कांड्या, लाल आला तर नुसते गोळे. गोळ्याला टोक कुठून येणार? सल्फाइड सगळीकडून चिकटायचं आणि आठवडा पाण्यात जायचा.

एकदा सलग दोन महिने लालच येत गेला. प्रयोगशाळेतली काचेची भांडी धुणारे चाचा अकोल्याकडच्या खारपाणपट्ट्यातले. त्या वर्षांत शेतीने हात टेकले होते आणि त्यांचं घर या नोकरीवरच चालायचं. मी जात्याच तापट. एके दिवशी सगळ्यांसमोर बोलून गेले, "चाचा, खाऱ्या पाण्याची सवय तुम्हाला! डिस्टिल्ड पाणी सोडून नळाखालीच विसळता ना भांडी?"

चाचा शांतपणे म्हणाले, "बाई, खाऱ्या पान्यात जलम गेला माहा. गोड्या पान्याची कदर मले नाही त कोनाले? तुमी पुडीची बाटली बदलली, तवापासून लाल येऊन राहिलं."

पूड म्हणजे सोन्याला कांडीचा आकार देणारी, साबणाच्या जातीची पांढरी पावडर. मी ऐकलं नाही. माझ्या मार्गदर्शक सरांकडे तक्रार केली आणि चाचांना सायकल स्टँडवर बसवलं गेलं.

पुढे कितीतरी महिने भांडी मीच धुतली. रंग लालच. शेवटी कपाटात मागे जुन्या बाटलीत चमचाभर पूड सापडली, तिच्यात कांड्या पहिल्याच फटक्यात उतरल्या. नव्या पुडीत आयोडाइडचा अंश होता, तो कांडी वाढूच देत नव्हता. चाचा तोवर निवृत्त होऊन गावी गेले होते. प्रबंधात हा शोध मी माझा म्हणून लिहिला. त्याची आजही लाज वाटते.

पदवी मिळाल्यावर पेढे घेऊन त्यांच्या गावी गेले, माफी मागायचीच असं ठरवून. घरात टँकरच्या पाण्याचा एकच माठ होता, बाकी सगळे हापशीचं खारं पीत होते. चाचांनी माझ्यासाठी माठातलं काढलं. मी पेला तोंडाला लावणार, तेवढ्यात ते घाईघाईने म्हणाले, "घ्या बाई, गोडं हाये. पेला बी दोनदा धुतला म्या."

मी पाणी प्यायले, पेढे ठेवले आणि माफी न मागताच निघून आले.