मेधाच्या शोकसभेत दीक्षा हसली

मेधा गेल्याचं मला शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळलं. जोडलेले हात, गुलाबाचं फूल, आणि खाली मुख्याध्यापकांचं वाक्य... ‘सर्वसमावेशक शिक्षणाची तेवती ज्योत मालवली.’ मला रडू नंतर आलं. आधी संताप आला. ती ज्योत विझावी म्हणून हेच गृहस्थ कशी फुंकर मारत होते, ते मी त्याच शाळेत शिकवताना पाहिलं होतं.

मेधा फिरती विशेष शिक्षिका. महाडहून एसटीने पोलादपूरला यायची आणि ऐकू न येणाऱ्या मुलांसाठी शाळाशाळांतून हिंडायची. गोड बोलणं तिला जमत नसे. ती शिक्षकांच्या खोलीत शिरली की गप्पा थांबायच्या. दीक्षा आठवीत आमच्याकडे आली, डोंगरातल्या एका वाडीवरून. कानाला मशीन होतं, तरी समोरच्याचे ओठ दिसले तरच तिला समजायचं. विज्ञानाचे सर मात्र फळ्याकडे तोंड करून शिकवत. मेधाने त्यांना बाजूला घेऊन सांगून पाहिलं, शेवटी भर वर्गात म्हणाली, “सर, तुमची पाठ काय शिकवते ते मलाही कळत नाही.” मुलं खो खो हसली.

लगेच मुख्याध्यापकांनी दीक्षाच्या आईला बोलावलं. मुलीचं इथे नुकसान होतंय, पुण्याकडे मूकबधिर शाळा आहे, दाखला आजच देतो, म्हणाले. मेधा आणि मी तिथेच होतो.

“नुकसान कोण करतंय, सर?” मेधाने विचारलं.

“मॅडम, मी अख्ख्या वर्गाचं बघायचं की एकीचं?”

“तिला धरूनच अख्खा वर्ग होतो.”

आई पदर चाचपत म्हणाली, “बाय, पोरीला लांब धाडायचा माज्या मनात नाय. पन ती हितं नकोशी हाय ना...”

“नकोशी आहे,” मेधा म्हणाली. “तरी बसायचं.”

दीक्षा बसली. भोगावं लागलं मेधाला. अध्यापनात अडथळा आणते अशी तक्रार झाली आणि तिला वर्गात यायची बंदी केली. मग ती मधल्या सुट्टीत व्हरांड्यात दीक्षाच्या मैत्रिणींना खुणा शिकवू लागली. सरांचं शिकवणं त्या पोरी हातांनी दीक्षाला सांगत. दीक्षा दहावी झाली तेव्हा शाळेने फलक लावला. त्यावर दीक्षा, विज्ञानाचे सर, मुख्याध्यापक... मेधाचं नाव कुठेच नाही.

शोकसभा महाडला झाली. औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यातली पाळी बदलून दीक्षा आली होती, माझ्या शेजारी बसली होती. मुख्याध्यापक माईक ओठांना चिकटवून बोलत होते. काय म्हणतात, तिने खुणेने विचारलं. मला जमतात तेवढ्या खुणांनी मी सांगितलं, ‘मेधाच्या पाठीशी ते पहिल्यापासून उभे होते.’

दीक्षा हसली. आपला आवाज किती मोठा निघतो ते तिला कळत नाही. सगळं सभागृह वळलं, मुख्याध्यापक थांबले. मागून कुणीतरी म्हणालं, “अहो, तिला गप्प करा.” मी केलं नाही.

गेल्या आठवड्यात त्या शाळेत गेले. मेधा बसायची त्या जिन्याखालच्या खोलीत आता मोडकी बाकं रचली आहेत आणि वर तिचा फोटो, प्लॅस्टिकच्या हारासकट. तिच्या जागी कुणी आलेलं नाही. पाचवीच्या वर्गात शेवटच्या बाकावर कानाला मशीन लावलेली एक नवी मुलगी दिसली. तिच्याबद्दल विचारलं, तर वर्गाच्या बाई कौतुकाने म्हणाल्या, “अगदी शांत आहे हो. काही त्रास नाही तिचा.”

जिन्याखालच्या खोलीत परत जाऊन मी मेधाचा तो फोटो भिंतीवरून उतरवला आणि घरी घेऊन आले. ज्यांना तो परत हवा असेल, त्यांनी आधी त्या मुलीसाठी शिक्षिका आणावी.