दोन वेळा आत घेतलेली पँट

माझा स्वभाव संशयी. दहिवलीत मी घरीच शिवणकाम करते आणि माणसाच्या तोंडापेक्षा माझा टेपवर विश्वास जास्त. ह्यांची पँट कमरेत दीड इंच आत घ्यावी लागली, तेव्हा मला आधी आठवली ती ह्यांच्या कंपनीत नव्याने लागलेली ऑफिसातली बाई.

दोन महिन्यांत तीच पँट पुन्हा मशीनवर आली. डबा तर रोज चाटूनपुसून रिकामा येत होता. म्हणजे माझ्या हातचं खाऊन हा माणूस कोणासाठी तरी बारीक होतोय, असं मी ठरवून टाकलं. मोबाइल पाहिला, खिसे उलटे केले, शर्टाचा वासही घेतला. घामाखेरीज काही नाही. त्यानं संशय उलट पक्का झाला. इतकी सफाई साधा माणूस ठेवत नाही.

मी मात्र सुटत चालले होते. दुपारी एकटी बसून फरसाणाचं पाकीट संपवायचे, रडू आलं की दुसरं फोडायचे. स्वतःच्या ब्लाउजच्या शिवणी उसवून सैल केल्या. शेजारणी म्हणायच्या, सुख मानवलंय गं तुला. मीही हसून घ्यायचे.

डोंगरावरच्या ठाकूरवाडीतली एक बाई माझ्याकडे शिवायला यायची. खालापूरच्या नाक्यावर, ह्यांच्या कंपनीजवळच, रानभाजी विकायची. तिची मुलगी वारली तेव्हापासून तिचे ब्लाउज मी आवळतच होते. ह्या बायका अशाच काटकुळ्या असतात, असं म्हणून मी कधी काही विचारलं नाही.

त्या दिवशी भिंतीवरचा आमचा फोटो पाहून ती म्हणाली, "ह्यो तुमचा माणूस? रोज नाक्यावर बसतो."

"कोणाबरोबर?" माझा हात मशीनवर थांबला.

"कुणी नाय. डबा कुत्र्यांना घालतो नि बसून ऱ्हातो. घराकडची गाडी येऊन जाते तरी उठत नाय."

मला पटेना. ह्यांनीच हिला पढवून पाठवलं नसेल ना, असंही मनात येऊन गेलं. "दमला असेल," मी म्हणाले.

"मला बी घास उतरत नव्हता, ताई. आजून बी नाय उतरत. मी बी तशीच बसायची."

मला तिच्यासमोर मान वर करवेना.

संध्याकाळी हे आल्यावर मी समोर बसले. "अहो, जेवण जात नाही का तुम्हाला?"

त्यांनी रिकामा डबा माझ्याकडे सरकवला. "कधीपासून काहीच नको वाटतंय. सकाळी उठणंसुद्धा."

"मग मला सांगायचं ना."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. "तू न बोलता दोनदा पँट आवळून दिलीस. मला वाटलं, तुला कळलंय, आणि तुला चालतंय."