माडाच्या घळीतली वाट

सुहासचा फोन आला तेव्हा मी मुरबाडच्या बाजारात भेंडी निवडत होते. "मावशी, आई गेली," एवढंच म्हणाला. कधी, कशी, मी काहीतरी विचारलं असणार. "सकाळी. खुर्चीत बसल्या बसल्या. बिरड्यासाठी वाल सोलत होती..." मग म्हणाला, "तुम्ही अडवायला हवं होतंत तिला." आणि फोन बंद झाला. भेंडी तिथंच टाकून मी धसईकडे जाणारी जीप पकडली. पोचले तर अंगण माणसांनी भरलेलं, आणि जो तो हळू आवाजात एकच गोष्ट बोलत होता. एकाहत्तराव्या वर्षी, एवढं हृदय कमकुवत झालेलं असताना, तीन आठवड्यांपूर्वी कुसुमताई माडाची घळ पायी चढून गेली होती. "घळीनंच खाल्ली नर्सबायला," कुणीतरी माझ्याकडे बघत म्हणालं. माझ्याकडे, कारण त्या दिवशी तिच्याबरोबर मी होते. मयताच्या घरी वाद घालायचा नसतो, म्हणून गप्प बसले. आज दीड महिना झाला. आता मी वाद घालणार आहे.

कुसुमताई आमच्या भागातल्या आरोग्य उपकेंद्रात नर्स होती. मी त्याच गावच्या शाळेत मास्तरीण. तिला सगळे नर्सबाई म्हणत, मला बाई. पुढे आम्ही इतक्या जवळच्या झालो की मी तिला ताई म्हणू लागले, तिनं मात्र तीस वर्षं मला बाईच म्हटलं. आमच्या गावामागे सह्याद्रीची भिंत, आणि त्या भिंतीच्या निम्म्या उंचीवर एका सपाटीवर पंचवीस-तीस घरांची वाडी. वाडीला जायचा गाडीरस्ता लांबून वळसा घालून, दोन जीपा बदलून, अर्धा दिवस खाणारा. सरळ वाट घळीतून. पावसाळ्याचे चार महिने घळ पाण्याची, उरलेले आठ महिने माणसांची, असं वाडीवरचे लोक म्हणत. कुसुमताईच्या आधीच्या नर्सनं रजिस्टरात वाडीपुढं "रस्ता नाही" असं लिहून ठेवलं होतं. ताईनं ते वाचलं, वाडीवरून मोळ्या घेऊन उतरलेल्या बायकांना विचारलं, "तुमी मग कशा आल्या?" आणि दुसऱ्या आठवड्यात लशीचा निळा डबा खांद्याला अडकवून त्यांच्या मागोमाग वर निघाली.

मला तिनं पहिल्यांदा नेलं ते शाळेत न येणाऱ्या मुलांची नावं लिहायच्या कामासाठी. एप्रिल होता. तोवर मी ती घळ फक्त खालून, शाळेच्या व्हरांड्यातून बघितलेली, डोंगराला पडलेली एक काळी चीर. तोंडापाशी पोचलो तेव्हाच माझा धीर सुटला. दोन्ही अंगांचे उतार वणव्यानं करपलेले, गवताची राख पायाखाली चुरचुरणारी, ओढ्याच्या पात्रात हत्तीएवढे धोंडे आणि त्यांच्यावर हात टेकवला तर चटका बसणारा. पाण्याचा थेंब नाही. पक्षीसुद्धा ओरडत नव्हता. पहिला तास आम्ही त्या भट्टीतून धोंड्याधोंड्यांवरून चढलो. मी दर वळणाला म्हणत होते, इथं माणूस कशाला येईल. ताई डब्यावर ओलं फडकं टाकून पुढे. "बाई, बोलू नको, तोंड सुकतं." मग कातळ दोन्हीकडून जवळ आला, आकाशाची पट्टी उरली, आणि एका वळणापाशी अचानक वास बदलला. ओल्या मातीचा वास. वळलो तर समोर शिंदीचं बेट, आणि त्याच्या मागे चढत गेलेले भेरली माड, माशाच्या शेपटासारख्या पानांचे, गळ्यापासून लांब जटा सोडलेले. त्यांच्या मुळांशी कातळातून पाणी झिरपत होतं, आवाज न करता, आणि खाली गुडघाभर डोह साठलेला, तळातला खडान्‌खडा दिसणारा. एक खेकडा आमची चाहूल लागून दगडाखाली सरकला. मी चपलांसकट पाण्यात उतरले. ताईनं आधी डबा सावलीत ठेवला, फडकं भिजवून परत त्यावर टाकलं, आणि मग स्वतः ओंजळीनं पाणी प्याली. वर जाईपर्यंत अशी तीन बेटं लागतात. मधलं सगळं भाजलेलं वाळवंट, आणि मग पुन्हा माड, पुन्हा डोह. "जिनं रस्ता नाही लिहिलं," ती म्हणाली, "ती इथपर्यंत आली असती तर परत गेलीच नसती."

दुसऱ्या बेटापाशी एक बाळ जन्मलं आहे. वाडीवरच्या एका बाईला कळा लागल्या, पोटात मूल आडवं आहे असं समजून चौघांनी तिला झोळीत घालून घळीतून उतरवायला घेतलं, आणि निरोप मिळताच ताई खालून वर निघाली. डोहापाशी गाठ पडली. आता आणखी खाली न्यायचं तर बाई वाटेतच जाईल, हे तिनं एका नजरेत ओळखलं. पुरुषांना पाठ फिरवून उभं केलं, झोळी माडाखाली पसरली, आणि दोन तास झगडून मुलगी मोकळी केली. मुलगी, आई, दोघी सुखरूप. पुढच्या बैठकीत आरोग्य खात्याच्या साहेबांनी तिला सगळ्यांसमोर झापलं, बाळंतपण केंद्राबाहेर का केलं म्हणून. मी ऐकलेलं नाही, पण तिथं असलेल्या दुसऱ्या नर्सनं सांगितलं, कुसुमताई उभी राहून म्हणाली, "साहेब, पुढच्या वेळी बाळाला सांगते थांबायला." त्या वर्षी तिचा गोपनीय अहवाल वाईट गेला. तिनं तो घडी करून डाळीच्या डब्याखाली ठेवला आणि मला चहा पाजला.

निवृत्तीनंतर नवरा गेला, सुहास डोंबिवलीला स्थायिक झाला. "आई, माझ्याकडे ये," तो दर दिवाळीला म्हणायचा, आणि खरंच मनापासून म्हणायचा, मुलगा गुणी आहे. ती चार दिवस जायची, पाचव्या दिवशी परत. चार वर्षांपूर्वी छातीत कळ आली, कल्याणला डॉक्टरांनी तपासून सांगितलं की हृदय दमलंय, जिना चढायचा नाही, ओझं उचलायचं नाही. गोळ्या ती नेमानं घ्यायची, त्यात कधी चूक नाही, शेवटी नर्स होती. पण पहिल्या थंडीत घळीच्या पहिल्या बेटापर्यंत जाऊन आली. मी चिडले. "डॉक्टरांनी जिना चढू नको म्हटलंय," ती म्हणाली, "घळीत जिना कुठाय?"

आणि मग गेल्या वर्षी घळीच्या तोंडाशी तारेचं कुंपण पडलं. शहरातल्या कुणी तिथली जमीन घेतली होती, पर्यटकांसाठी खोल्या बांधायच्या होत्या, लोखंडी गेट बसलं, खासगी मालमत्तेची पाटी लागली आणि एक रखवालदार खुर्ची टाकून बसला. वाडीवरच्या बायका भाजी घेऊन धसईच्या बाजाराला उतरल्या, तर गेट बंद. त्या तशाच दोन तास चढून माघारी गेल्या. हायस्कुलातल्या पोरींनी शाळा सोडायच्या गोष्टी सुरू केल्या. ताईला कळलं त्या दिवसापासून ती वेगळीच झाली. मी आता मुरबाडला राहते, तिथं माझ्याकडे मुक्कामाला यायची आणि सकाळी तहसील कचेरीत जाऊन बसायची. जुना गावनकाशा काढून घेतला. त्यावर घळीतून वर गेलेली तुटक रेघ होती, पायवाटेची. अर्ज केला, परत आला. पुन्हा केला. जमीनवाल्यांच्या वकिलाचं म्हणणं एकच : रेघ असेल जुनी, पण ती वाट आता चालण्याजोगी राहिलेली नाही, कुणी चालतही नाही, वहिवाट मोडलेली आहे. अखेर मार्चच्या शेवटी स्थळपाहणी ठरली. आदल्या दुपारी ताईनं मला फोन केला. "बाई, उद्या येतेस का?" मला वाटलं, गेटापाशी उभं राहायचंय.

मंडळ अधिकारी तरुण होते, सभ्य होते. गेट बघितलं, नकाशा बघितला, रखवालदाराला दोन प्रश्न विचारले आणि गाडीकडे वळले. "आजी, आत सगळे धोंडेच दिसतायत. मी तसं नमूद करतो."

"काय नमूद करता?" ताईनं विचारलं.

"की वाट दिसून आली नाही."

"वाट गेटावरून दिसत नाय साहेब. चालली की दिसते. चला."

"तुम्ही चालणार?"

"मी पुढं होते. तुमी मागनं या."

तिथं वकील होता, गावातले दहाबारा जण होते, आणि एका म्हातारीनं असं सगळ्यांसमोर म्हटल्यावर त्या बिचाऱ्या साहेबांना नाही म्हणता येईना. गेट उघडलं. मी तिच्या मागोमाग घुसले, माझ्या पर्समध्ये तिच्या गोळ्या. वकील पहिल्याच चढावर बूट घसरून बसला तो परत गेला. बाकीचे आम्ही चाललो. पहिल्या बेटापाशी साहेब डोहाच्या काठावर उभे राहून नुसते वर माडांकडे बघत राहिले. "हे इथं आहे हे मला माहीतच नव्हतं," म्हणाले. ताईनं त्यांना गूळ दिला. "पानी प्या. अजून दोन हायेत."

दुसऱ्या बेटापर्यंतचा टप्पा सगळ्यात वाईट. ऊन डोक्यावर आलेलं, कातळातून आच निघत होती. ती दहा पावलं चालायची आणि थांबायची... दहा पावलं आणि थांबायची. माडाखाली टेकली तेव्हा तिचा चेहरा राखेसारखा झाला होता, ओठ निळसर. मी गोळी जिभेखाली ठेवायला दिली आणि कानाशी म्हटलं, "ताई, बस झालं. फिरू या." तिनं डोळे मिटले होते, ते तसेच ठेवून म्हणाली, "मी फिरले तर साहेब फिरतील. साहेब फिरले तर कागदावर वाट नाय." मी उठले. साहेब डोहापलीकडे तोंड धूत होते. त्यांना मी एक शब्द सांगितला असता, यांचं हृदय आजारी आहे एवढंच, तर त्यांनी तिथल्या तिथं सगळं थांबवलं असतं. ते माझ्या ओठावर आलं होतं. मी परत तिच्याकडे बघितलं. तिनं डोळे उघडले होते, आणि ती माझ्याकडे बघत होती. विनवणी नव्हती त्या नजरेत. मी काय करते, एवढंच बघत होती.

मी साहेबांना काही सांगितलं नाही. तिच्या चपलेचा बंद सुटला होता तो बांधला, हात दिला आणि उठवलं.

हे मी पहिल्यांदाच सांगते आहे. सुहासला हेच हवं होतं बहुतेक, कबुली. हो, मी अडवू शकत होते आणि अडवलं नाही. त्याबद्दल मला रात्रंदिवस वाईट वाटावं अशी लोकांची अपेक्षा आहे. मला ती गेल्याचं दुःख आहे, ते कुणाला मोजून दाखवायचं नाही मला. पण तिला न अडवल्याचं वाईट मला वाटत नाही. त्या हृदयाला डॉक्टरांनी वर्षभर दिलं होतं, तिनं चार वर्षं चालवलं. ती डोंबिवलीच्या पलंगावर पडून राहिली असती तर अजून सहा महिने जगली असती, असं कुणीतरी मला छातीवर हात ठेवून सांगावं. आणि सांगितलं, तरी ते सहा महिने तिनं कुणाला मागितले होते?

वाडीवर आम्ही दुपार कलताना पोचलो. बायका पाण्याचे हंडे घेऊन सामोऱ्या आल्या, साहेबांचे पाय बघून हसल्या, त्यांना घोंगडीवर बसवलं. तिथंच पंचनामा लिहिला गेला. ज्यांना सही येत होती त्यांनी सही केली, म्हाताऱ्यांनी अंगठे उठवले. घळीत जन्मलेली ती मुलगी, हिरा, आता दोन लेकरांची आई आहे. तिनं ठसठशीत अक्षरात सही केली आणि साहेबांना म्हणाली, "वाट मोडली म्हनत्यात, मंग मी कुठं जन्माला आली?" साहेबांनी ते वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं. ताईला आम्ही गाडीरस्त्यानं खाली आणलं. सतरा दिवसांनी आदेश आला, गेटाच्या बाजूला माणसांना जायला यायला कायम मोकळी जागा ठेवावी म्हणून. तिनं तो दोनदा वाचला, चष्मा काढला, आणि म्हणाली, "शुद्धलेखन बरं आहे साहेबांचं." चार दिवसांनी ती गेली.

सुहास माझ्याशी बोलत नव्हता. दिवसकार्यात त्यानं मला ताट वाढलं, वर बघितलं नाही. आणि मागच्या आठवड्यात, दुपारी, अचानक त्याचा फोन. दम लागलेला. "मावशी, मी वाडीवरून बोलतोय." मला आधी कळेचना. तो एकटाच, कुणाला न सांगता, रजा टाकून घळीतून चढून गेला होता. "तुम्ही तिला कुठं अडवलं नाहीत, ते बघायचं होतं," म्हणाला. आवाजात राग होता अजून, पण दमलेला राग. मग विचारलं, "आई किती वेळात चढली होती?"

"थांबत थांबत साडेचार तास."

"मला सहा लागले," तो म्हणाला.

मागून एका म्हातारीचा आवाज आला, "नर्सबायच्या पोरा, आदी पानी पी, मंग बोल!" तो प्यायला असावा. मग म्हणाला, "मला यांनी एका ओट्यावर बसवलंय. म्हणतात आई इथंच बसायची, लस द्यायला. ओला आहे ओटा... आज गुरुवार ना, नर्सबाई गुरुवारी यायची म्हणून दर गुरुवारी सारवतात म्हणे. अजूनही." सावरायला त्याला काहीतरी बोलायचं होतं, म्हणून म्हणाला, "मावशी, माझी सगळी पँट शेणानं भरलीय."

"भरू दे," मी म्हटलं. "तिथंच बस."