खोतांनी माझ्यासाठी निवडलेला देश

पेटी माझ्या डोक्यावर होती. खोतांचा मुलगा पुढे चालत होता, दोन्ही हात मागे बांधून. तो बॅरिस्टर व्हायला विलायतेला निघाला होता. मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो आणि त्याची पेटी रेवसच्या धक्क्यापर्यंत पोचवत होतो.

गणपती नुकतेच बोळवले होते. पायाखाली चिखल, वर ऊन. पेटी लोखंडी, तिची कड चुंबळीतून टाळूत रुतत होती. मागे आणखी दोन कुळं, त्यांच्या डोक्यावर लोणच्याच्या बरण्या आणि एक गादी. विलायतेत गाद्या मिळत नसाव्यात.

ही वेठ. खोताची जमीन कसायची तर खोताच्या घरी फुकट राबायचं. घरटी एक माणूस, पाळीपाळीने. भात झोडायला, कुंपण घालायला, मेण्याला खांदा द्यायला. त्या दिवशी पाळी आमच्या घराची होती आणि बा तापाने फणफणला होता. मी सुट्टीला घरी आलो होतो. खोतांचा गडी दारात येऊन म्हणाला, "तुजा पोर आलाय ना? त्याला धाड." बा उठायला लागला. मी कोट काढून खुंटीला लावला आणि निघालो. शिकलेल्या माणसाने असं करावं का, वगैरे मनात काही आलं नाही. तापातल्या बापाला पेटी उचलू द्यायची नव्हती, एवढंच.

धक्क्यावर निरोप द्यायला खोतांबरोबर अलिबागची वकील मंडळी आली होती. हार होते, पेढे होते. मी पेटी खाली ठेवली. मान सरळ होईना. खोतांनी माझ्याकडे बोट दाखवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आमच्या गावात हमालसुद्धा बी.ए. आहेत."

मंडळी मनापासून हसली. एका वकिलाने मला पेढाही दिला, हाताला हात लागणार नाही असा, वरून. मी तो घेतला. खाल्लासुद्धा. सकाळपासून पोटात काही नव्हतं.

खोतांचा मुलगा आणि मी अलिबागच्या शाळेत एका वर्गात होतो. मॅट्रिकला तो एकदा आपटला, मी पास झालो. बोटीत चढताना त्याने मागे वळून पाहिलं. मला वाटलं, माझ्या नावाने हाक मारील. तो म्हणाला, "सांभाळून चढव रे. आत काचेचं सामान आहे."

परत येताना मागची दोन कुळं आपसांत भाताच्या कणसांबद्दल बोलत होती. त्यांना काही झालंच नव्हतं. त्यांचा मला राग आला, मग त्या रागाची लाज वाटली. घरी पोचेपर्यंत माझं एक ठरलं होतं. मला कायदा शिकायचा होता.

कायदाच का, ते सांगतो. मी लहान असताना बा मला घेऊन अलिबागच्या कोर्टात गेला होता. खाडीचा बांध फुटून आमच्या शेतात खारं पाणी घुसलं होतं, पीक नव्हतं, तरी खोतांनी मक्त्याचं ठरलेलं भात मागितलं होतं. बा एका वकिलाच्या ओसरीवर गेला, मग दुसऱ्याच्या, मग तिसऱ्याच्या. खोतांचं नाव ऐकलं की वकील पान लावायला घेत. कुळाचं वकीलपत्र घेणारा माणूस त्या गावात नव्हता. दुपारी आम्ही समुद्राच्या वाळूत बसून भाकरी खाल्ली आणि चालत घरी आलो. वाटेत बा एवढंच म्हणाला, "आपल्यातला एक असता तं."

तो एक मी व्हायचं ठरवलं. पण बी.ए. झाल्यावर पुढचं कसं करायचं? मुंबईत आमच्या जातीच्या खोलीत आम्ही पोरं दाटीवाटीने राहत होतो. पुढच्या शिक्षणाचा खर्च उचलायला कोणी नव्हतं. एका शेटजींचा धर्मादाय फंड होता, मागासलेल्या जातीतल्या पदवीधरांसाठी. पण तो फक्त परदेशी शिकायला जाणाऱ्यांना मदत करी. जहाजाचं भाडं, तिथली फी, राहणं, सगळं. देश आणि विषय ठरवून मुलाखतीला जायचं होतं.

मग काय, ज्याला त्याला माझा देश निवडायची घाई. कॉलेजातले एक प्रोफेसर म्हणाले, जर्मनीला जा, रसायन शीक. शाळेतले एक जुने मास्तर म्हणाले, अमेरिकेला जा, तिथे हॉटेलात बशा विसळून शिकता येतं. खोलीतली खादीवाली पोरं चिडवायची, "गोऱ्याच्या घरी जाऊन गोऱ्याचाच कायदा शिकणार? वा रे बहाद्दर!" मला हसू यायचं. गोऱ्याने माझ्या डोक्यावर पेटी दिली नव्हती.

आमच्या शेजारच्या गावचा हसनमियां जहाजावर भट्टीत कोळसा टाकायचं काम करी. त्याने सगळी बंदरं पाहिली होती. तो घरी आला तेव्हा मी मुद्दाम त्याला जाऊन भेटलो. विचारलं, माणसाला माणसासारखं कुठे वागवतात? त्याने दाढी खाजवली.

"लंडनला काल्या मान्साला खोली देत न्हाईत. दारावरनंच हाकलतात," तो म्हणाला. "अमेरिकेत हबशांना येगलं बसवतात. जपानात मी दोनच राती होतो, दोनी राती पिऊन पडलो होतो. तितला मना काय म्हाईत न्हाय."

म्हणजे चांगला असा देश नव्हताच. ते एकदा कळल्यावर मला उलट हलकं वाटलं. अपमान चुकवायला जायचंच नव्हतं, शिकायला जायचं होतं. लंडनमध्ये दारावरून हाकलतील तर हाकलतील, दुसरं दार बघू. पण तिथून खोतांचा मुलगा जे घेऊन येणार होता, तेच मलाही घेऊन यायचं होतं. नाहीतर उद्या कोर्टात त्याच्यासमोर उभं कोण राहणार? मी इंग्लंड ठरवलं. आयुष्यात पहिल्यांदा मी स्वतःसाठी काहीतरी निवडलं होतं, आणि खरं सांगतो, त्याची मला भारी मौज वाटत होती.

मुलाखत फोर्टात, फंडाच्या कचेरीत. उसना कोट, इस्त्रीचं धोतर. मला आत बोलावलं. लांब टेबल. मागे तीन गृहस्थ. मधे शेटजी, एका बाजूला चष्मेवाले प्रोफेसर. दुसऱ्या बाजूला आमचे खोत.

कुलाबा जिल्ह्याचा उमेदवार म्हणून त्याच जिल्ह्यातले एक प्रतिष्ठित गृहस्थ मुद्दाम बोलावले होते. हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

टेबलासमोर उमेदवारासाठी खुर्ची होती. चांगली, वेताची. मी ती पाहिली. मग मला खोत दिसले, आणि मी जमिनीवर बसलो.

मला कोणी बसवलं नाही. कोणी नुसतं पाहिलंही नाही. माझे गुडघे आपोआप वाकले. खोतांसमोर आमच्या घरातलं कोणी कधी जमिनीखेरीज कशावर बसलेलं नव्हतं. आजा नाही, बा नाही, मी नाही. ओसरीखाली, अंगणात, पाय दुमडून. बोलायला यायच्या आधी मी हे शिकलो होतो. इंग्रजी, तर्कशास्त्र, इतिहास सगळं वर चढवलेलं, आणि खाली हे.

प्रोफेसर गोंधळले. "अहो, खुर्ची आहे," ते म्हणाले.

खोतांनी हात हलवला. "राहू द्या. त्यांना तसंच बरं वाटतं."

शेटजी गुजरातीत म्हणाले, "सारू, सारू. चालू करा."

आणि मुलाखत सुरू झाली. मी जमिनीवर, माझी नजर टेबलाच्या कडेला. मला त्यांचे चेहरे अर्धेच दिसत होते. प्रश्न मला विचारत होते, उत्तरं खोत देत होते. घरी कोण? खोत म्हणाले, आमची कुळं. स्वभाव? खोत म्हणाले, गरीब, आज्ञाधारक. मग शेटजींनी विचारलं, "देश कोणता?" मी तोंड उघडलं. खोत आधी बोलले.

"जपान बरं. मीठ करायचं, मासळी टिकवायची, तिथे त्याचं शास्त्र शिकवतात. परत आल्यावर याच्या जातीला उपयोग. कायदा शिकून हा करणार काय? यांच्या घरात दावे आहेत कुठे?"

प्रोफेसर मान हलवत होते. शेटजींनाही पटलं. वाईट काही नव्हतंच त्यात. जपान शिकण्यासारखा देश असेल. मीठ माझ्या जातीच्या हाडात मुरलेलं आहे. आणखी थोडा वेळ बसून राहिलो असतो तर मी जपानला गेलो असतो, आणि खोतांचे उपकार जन्मभर मानले असते. सगळं ठरत चाललं होतं. मला फक्त मान डोलवायची होती.

मला एकदम फार थकवा आला. राग नव्हे. राग मागून आला. पिढ्यान् पिढ्या कोणी तरी सांगतंय, इथे बस, हे उचल, इकडे जा. आणि आता हा देशही त्यांनीच सांगायचा. मी हाताने जमीन रेटली आणि उठलो. पायाला मुंग्या आल्या होत्या. खुर्ची ओढली. तिचा आवाज झाला. मी बसलो.

"इंग्लंड," मी म्हणालो. "विषय कायदा. आमच्या घरात दावे आहेत. वकील नाही."

खोतांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. ते हळू आवाजात म्हणाले, गावातल्या आवाजात, "खाली बस."

मी बसलोच होतो. हललो नाही.

"विचार करून कळवू," शेटजी म्हणाले.

त्यांनी काही कळवलं नाही. गावात मात्र लगेच कळलं. खोतांचा निरोप आला. पोराने ओसरीखाली येऊन माफी मागावी, जपानचं अजून करता येईल. नाहीतर येत्या हंगामापासून जमीन दुसऱ्या कुळाला.

मी घरी गेलो. बा बांधावर उभा होता. त्याने माझ्याकडे न बघता विचारलं,

"जपान का वंगाळ हाय?"

"वंगाळ न्हाय."

"मंग?"

"मना कायदा शिकायचाय."

"कायदा खोताचा हाय."

"म्हनूनच."

बाने वाकून बांधाचं सुटलेलं ढेकूळ बसवलं. मग म्हणाला, "तू मुलूख निवडतंस. आमी कंच्या मुलखाला जावं, त्ये कोन निवडनार?"

मी माफी मागायला गेलो नाही, एवढंच. जमीन गेली. आय माहेरी, भावाच्या दारात जाऊन राहिली. बा म्हातारपणी उरणकडे मिठागरावर राबायला गेला. कोणी मला धीट म्हणतं तेव्हा मला कानकोंडं होतं. त्या खुर्चीची किंमत मी दिलेली नाही, बाने दिली. कोणी त्याला विचारलं नव्हतं, मीही नाही.

परदेश मला मिळाला नाही. फंडातून त्या वर्षी दुसरा कोणी गेला, कुठे गेला मी चौकशी केली नाही. मी दिवसा मुंबईत पोरांना शिकवतो आणि सकाळी लवकर कायद्याच्या वर्गाला बसतो. इंग्लंडचा कायदा इथेही शिकवतात, झोपाळू प्राध्यापक शिकवतात. बॅरिस्टर होणार नाही. साधा वकील होईन, काळा कोट उसनाच असेल. खोतांचा मुलगा परत आलाय. अलिबागला त्याचं मोठं नाव झालंय म्हणतात. दमतो मी. पुस्तक उघडं ठेवून डोळे मिटतात. कधी वाटतं जपान झालं असतं तर बा आज बांधावर असता. असं वाटतं आणि मी पुन्हा पान उलटतो.

गेल्या महिन्यात उरणला गेलो. भर उन्हात बा मीठ ओढत होता. पायांना भेगा पडून त्यात खारं पाणी गेलेलं. मी त्याला सावलीला बोलावलं, तो आला नाही. मग मीच चिखलात उतरून त्याच्या शेजारी उभा राहिलो आणि मागच्या वेळी न विचारलेलं या वेळी विचारलं.

"बा, सनद मिळाली की पैला दावा वेठीचा. आजवर फुकट राबवलं त्याचा. तुजा नाव घालू का? खोत गप बसनार न्हाय. हितूनबी तुला काढवंल."

तो ओढत राहिला. मिठाचा ढीग काठाला लागला तेव्हा थांबला.

"घाल," म्हणाला. "पुरता नाव घाल. माजा, माज्या बापाचा."

परीक्षा पुढच्या साली. त्यानंतर दावा. अलिबागला हरू, तिथले सगळे खोतांचेच आहेत. मग वरच्या कोर्टात जाऊ.