तिसऱ्या नंबरची खुर्ची

क्रिकेटच्या सेमीफायनलला छापखानेवाल्यांचा सदतीस धावांत खुर्दा उडाला त्या रविवारी सगळा कारखाना नाचत होता, आणि आमचे हे मात्र तोंड पाडून घरी आले. बूट काढले, पांढरी पँट माझ्यासमोर धरली आणि म्हणाले, "धुवायची गरज नाही."

खरंच नव्हती. पॅडच्या पट्ट्यांनी पडलेल्या चुण्या तेवढ्या होत्या.

यांची नोकरी बाटल्यांच्या झाकणांच्या कारखान्यात. पट्ट्यावरून झाकणं सरकत येतात आणि हे बाजूला उभे असतात. वाकडं दिसलं की उचलून टोपलीत टाकायचं. उभा जन्म त्यात गेला. घरातल्या डब्यांची झाकणंसुद्धा आधी डोळ्यांसमोर धरून बघतात, मग लावतात.

दुसरा नाद एकच, क्रिकेट. कारखान्याच्या टीममध्ये हे नवव्या नंबरचे बॅट्समन. नववा नंबर म्हणजे नळाच्या रांगेत शेवटी उभा राहिलेला माणूस, पाळी येते तेव्हा पाणी गेलेलं असतं. फिल्डिंगलाही यांना अशा कोपऱ्यात उभं करतात की तिकडे चेंडू वाट चुकला तरच येतो. तरी रोज संध्याकाळी गॅलरीत कपडे वाळत घालायच्या दोरीला मोज्यात घातलेला चेंडू टांगायचा आणि टकटक करत राहायचं. माझे धुतलेले कपडे कडेला ढकलून.

"अहो, लोक हसतात."

"हसू दे. पाळी येईल तेव्हा तयार नको का?"

पाळी म्हणे! महिनाअखेरीला हे निवृत्त होणार. नोकरी संपली की टीमही संपली, कारण टीममध्ये फक्त कामावरची माणसं. म्हणूनच त्या रविवारी कॅप्टन, म्हणजे यांचा फोरमन, मोठ्या मनाने म्हणाला होता, "काका, आज सोपं आहे. पहिली विकेट पडली की तुम्ही जा." हे पॅड बांधून, हेल्मेट मांडीवर घेऊन प्लास्टिकच्या खुर्चीत बसले. सलामीला वेल्डर आणि स्टोअरकीपर. एरवी ही जोडी चहा निवेपर्यंत टिकत नाही. नेमके त्याच दिवशी दोघं पेटले. चार ओव्हरमध्ये खेळ खलास, दहा विकेट राखून विजय! हातातोंडाशी आलेला घास गेला, आणि वर टाळ्या वाजवायच्या.

यांनी त्या वाजवल्याही. राग मला आला.

फायनल बँकवाल्यांशी होती. दोन दिवसांनी फोरमन डावपेच ठरवायला आमच्याकडे आला आणि माझ्या टेबलावर त्याने मैदान मांडलं.

"ही मिठाची बरणी म्हणजे त्यांचा तो उंच बॉलर. पहिल्या तीन ओव्हर याला नुसता अडवायचा. त्यांचा मॅनेजर कव्हर्सवरून हवेत मारतो, तिथे हा कप. हे दोन चमचे स्लिपमध्ये."

घरातले सगळे कप फिल्डिंगला उभे. आता चहा द्यायचा कशात, या विचारात मी होते, तेवढ्यात तो म्हणाला, "आणि काका तिसऱ्या नंबरवर. पक्कं."

नवव्यावरून एकदम तिसरा! माझ्या हातून साखर दुप्पट पडली. "फोरमनसाहेब, देव तुमचं भलं करो," मी म्हटलं.

"अहो काकू, काका पॅड बांधून बसले आणि विकेटच पडली नाही! या हंगामात पहिल्यांदा. आता फायनललाही तसंच. तीच खुर्ची, तसंच हेल्मेट मांडीवर. आणि काका, मध्ये उठायचं नाही हं. पाणी जरा बेतानं प्या."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे बढती दिली ती न खेळण्यासाठी! मी स्लिपमधले दोन्ही चमचे उचलून मोरीत टाकले.

"आणि तुम्ही हो म्हणालात?" फोरमन गेल्यावर मी विचारलं.

हे मिठाच्या बरणीकडे बघत म्हणाले, "टीमचा प्रश्न आहे."

मोठी आली टीम! रविवारपर्यंत मी यांच्याशी धड बोलले नाही.

फायनलला मात्र मी गेले. बँकवाल्यांनी ब्याण्णव केल्या. आमच्या वेल्डरने मिठाच्या बरणीला ठरल्याप्रमाणे अडवलं, स्टोअरकीपरचा एक कॅच सुटला, आणि जोडी जमली. तंबूत जो जिथे होता तिथेच थिजला. एकजण बुटाची नाडी बांधायला वाकला होता, तो वाकलेलाच. मी आत पाऊल टाकलं तर सगळे ओरडले, "काकू, हलू नका!"

मी कुणाच्या बापाचं ऐकणारी नाही. सरळ खुर्चीपाशी गेले. हे घामाने निथळत होते.

"उठा," मी हळूच म्हटलं.

"अगं, जोडी जमलीय."

"म्हणूनच उठा. तुमचं ते खुर्चीचं खरं असेल तर पडेल एक विकेट. मग जा आत."

"आणि हरलो तर?"

"हरू दे! जन्मभर दुसऱ्यांसाठी टाळ्या पिटल्यात. आज शेवटची मॅच आहे हो."

यांनी मांडीवरचं हेल्मेट घट्ट धरलं. मग मला एकटीलाच ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "आत गेलो आणि पहिल्याच चेंडूवर उडालो तर? इथे बसलोय तोवर मला कुणी आउट करू शकत नाही."

इतकी वर्षं मी फोरमनला शिव्या घातल्या, नशिबाला घातल्या. राग अजून होताच, पण तो काढायचा कुणावर ते कळेना. मी खुर्चीमागे उभी राहिले आणि मीही हलले नाही.

पुन्हा दहा विकेट राखून जिंकलो. पोरांनी यांना खुर्चीसकट उचलून मैदानभर फिरवलं. हे हात हलवत होते. पँट कोरी करकरीत.

घरी आल्यावर बूटही न काढता गॅलरीत बसले. दोरीवरच्या मोज्याला हात लावला नाही. मला ते बघवेना. मी मोज्यातून चेंडू काढला आणि दाराबाहेरच्या पॅसेजच्या टोकाला पत्र्याची बादली उपडी घातली.

"उभे राहा."

"वेड लागलंय का तुला?"

"बॅट घ्या म्हणते ना!"

मी आयुष्यात कधी चेंडू टाकला नव्हता. डोळे मिटून फेकला. तो चपलांच्या कपाटाला लागला, भलतीकडेच वळला, यांच्या बॅट आणि पायाच्या मधून गेला आणि बादली अशी वाजली की शेजारीण दार उघडून बाहेर आली.

हे तसेच वाकलेले. मला वाटलं, घात केला मी. ज्या एका गोष्टीला हा माणूस जन्मभर भ्यायला, ती मीच केली.

"आउट," मी म्हटलं.

यांनी बादलीकडे बघितलं, बॅटकडे बघितलं. "आउट," म्हणाले, आणि खांदे एकदम सैल सोडले. जाऊन चेंडू उचलून आणला, माझ्या हातात दिला आणि परत बादलीपुढे उभे राहिले.

"टाक आता," म्हणाले. "डोळे उघडे ठेवून."