रिकामा पिपा
रात्रीच नाही, भरदुपारीही रानडुकरं हाकायला कोणी पिपा बडवला की मला ती कबड्डी आठवते. पंचेचाळीस वर्षं झाली. धान निघालं की आम्ही शेतातल्या रिकाम्या बांधीत मैदान आखायचो. त्या साली मोहाडीच्या संघाशी उपांत्य सामना होता आणि सारा गाव भोवती धानाच्या वाळल्या तणसावर बसलेला. गुण बरोबरीत, शेवटची चढाई माझ्या मित्राची. मी तेलाचा रिकामा पिपा काठीने बडवू लागलो, माझं पाहून आणखी दहाजण बडवू लागले. नाकात तणसाची धूळ, कानात नुसता दणदणाट. मित्र एकाला शिवून परतला, पण पंचाने त्यालाच बाद दिलं. त्याचं ‘कबड्डी, कबड्डी’ पंचाला ऐकूच आलं नव्हतं. आम्ही हरलो. लोक पंचाच्या अंगावर धावले, तो सायकल टाकून पळाला. घरी जाताना मित्र म्हणाला, “मी दम नाही सोडला गा. त्याले काहून ऐकू नाही आलं?” मी म्हटलं, “तो पंचच बदमाश होता.” आजही पानठेल्यावर विषय निघाला की तो पंचाला शिव्या घालतो, आणि मी मान डोलावतो.