हाक ऐकू येईल इतक्या अंतरावर

दिगंबरराव पाठक यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते दवाखान्यात. बाकीचे सगळे बाकावर बसलेले आणि हे गृहस्थ भिंतीला टेकून एका लाकडी पाटावर. मला वाटलं, यांचंही कुणी आत आहे. माझे यजमान आत होते. बुधवाऱ्यात आमचं रद्दीचं दुकान होतं. यजमान वजन करायचे आणि रद्दीत आलेली पुस्तकं मी बाजूला काढून वाचायची. माझं शिक्षण तेवढंच. त्या दिवशी त्यांना दवाखान्यात ठेवून नववा दिवस होता.

त्या वॉर्डाला मोठी काच आहे आणि नातेवाइकांचे बाक काचेसमोर. आजाऱ्याला आपलं माणूस सतत दिसावं म्हणून तसं केलेलं. पण आमच्यात आजाऱ्यासमोर डोळ्यांत पाणी आणत नाहीत, त्याचा धीर खचतो. म्हणून मी नऊ दिवस काचेसमोर हसरं तोंड करून बसले होते. अगदीच असह्य झालं की जिन्याखाली जायचे, फरशी पुसायच्या बादल्यांशेजारी. तिथून परत आले आणि पाटावरच्या गृहस्थांना म्हणाले, "ज्याने हे बांधलं ना भाऊ, त्याच्या घरचं कुणी कधी आजारी पडलं नसेल."

"का हो ताई?"

"बघा ना. तोंड फिरवायला जागा नाही."

त्यांनी एकदा काचेकडे पाहिलं. मग म्हणाले, "मीच बांधलंय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण ते रागावले नाहीत, सारवासारवही केली नाही. खिशातून वही काढून विचारलं, "जागा दिली, तर किती लांब चालेल?"

"लांब नको. त्यांनी हाक मारली तर ऐकू आली पाहिजे. फक्त मी दिसायला नको."

त्यांनी ते लिहून घेतलं. दोन दिवसांनी माझे यजमान गेले. अकरा दिवस त्यांनी माझं हसरं तोंडच पाहिलं. हिला काहीच वाटत नाही, असं मनात घेऊन तर ते गेले नसतील ना, हे मला अजून छळतं.

दिगंबररावांच्या साठीच्या या ग्रंथात त्यांचे सहकारी आणि विद्यार्थी त्यांच्या इमारतींविषयी जाणतेपणाने लिहितील. मला फक्त त्यांची रीत माहीत आहे. इमारत वापरात आली की ते पाट घेऊन तिथे जाऊन बसतात. माणसं कुठे रेंगाळतात, कुठे घाईने पावलं उचलतात, कुठे आवाज आपोआप खाली येतो, ते पाहतात. त्यांच्या पत्नी सुमनताई म्हणतात, "आमच्याकडे पाहुणा आला की बसायला पाट नाही. पाट साहेबांबरोबर गाडीत फिरतो." राजपुऱ्यातल्या बालवाडीत त्यांनी मुलांच्या उंचीवर खिडक्या ठेवल्या आहेत. सोडून निघालेली आई वळणापर्यंत दिसते, मग मूल आपणच वर्गाकडे वळतं.

दवाखान्यात मात्र त्यांना बांधलेलं पाडावं लागलं. विश्वस्तांपैकी एक जण म्हणाले, "एका खाटेची जागा तुम्ही रडायला देणार?"

"लोक आजही रडतातच, साहेब. जिन्याखाली, बादल्यांजवळ."

गवंडी हनीफमियाँ हातोडा घेऊन उभेच राहिले. "अच्छीभली दीवार है, साहब. क्या गलती है इसकी?"

"दीवार की नहीं, मेरी है," दिगंबरराव म्हणाले. हे मला हनीफमियाँनीच सांगितलं.

मग एक दिवस दिगंबरराव बुधवाऱ्यात घरी आले. "ताई, जागा झाली. एकदा बसून सांगा, बरोबर आहे का."

मी नाही म्हणाले. त्या रस्त्याने जाणंही मी सोडलं होतं. त्यांनी आग्रह केला नाही. दुकान बंद झाल्यामुळे मला वाचायला काही राहिलं नव्हतं, हे मात्र त्यांनी हेरलं. दर महिन्याला स्वतः एक पुस्तक आणून द्यायचे आणि निघताना एवढंच म्हणायचे, "सवडीने." असं वर्ष गेलं. शेवटी मीच म्हणाले, "आता मला त्या जागेचा काय उपयोग? माझं माणूस गेलं."

"तुम्हाला नाही, ताई. पण चूक तुम्ही दाखवलीत. ती दुरुस्त झाली की नाही, ते मला एकट्याला कळणार नाही."

मी गेले. काचेच्या कडेने दोन पावलं वळलं की भिंतीआड एकाच माणसापुरता दगडी ओटा आहे. छत खाली आणलेलं, उजेड मंद, हाताशी पाण्याचा नळ. बसल्यावर डोकं टेकतं तेवढीच भिंत घोटून गुळगुळीत केलेली. मी डोकं टेकलं. तेवढ्यात आतून कुणा आजाऱ्याने आवाज दिला, "अगं, पाणी दे."

मी उठून उभी राहिले. दोन पावलं गेलेही. बाकावरची एक बाई लगबगीने आत गेली, तेव्हा कळलं, हाक मला नव्हती. परत येऊन बसले आणि वर्षभराचं तिथे रडले. दिगंबरराव लांब, पाठ करून उभे होते. बाहेर आल्यावर मी त्यांना म्हणाले, "ऐकू येतं." त्यांनी वही काढून त्या जुन्या वाक्यापुढे खूण केली.

माझं दुःख त्याने कमी झालं नाही. ज्या दिवसांत ती जागा हवी होती, तेव्हा ती नव्हती. दिगंबरराव भेटतात तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर आजही ते दिसतं. त्यांनी ते विसरावं, असं मी म्हणणार नाही. त्यामुळेच पाट अजून गाडीत आहे.

दिगंबरराव, तुम्हाला भरपूर आयुष्य मिळो. गुडघे धड राहोत, पाटावरून उठताना कुणाचा हात धरावा न लागो. सुमनताईंना त्या भिंतीआड बसायची वेळ कधी न येवो. आलीच, तर तुमची हाक त्यांना तिथे ऐकू येईल. मी बसून पाहिलं आहे.